लूक लाँगलीच्या तीन रिंगा फुकटच्या नव्हत्या

प्रश्न असा विचारलाय की लूक लाँगली हा एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन हे मान्य, पण करिअरची सरासरी जेमतेम ७ पॉइंट आणि ५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल), तीन चॅम्पियनशिप (आणि त्यांच्या रिंगा, म्हणजे चॅम्पियन खेळाडूंना मिळणाऱ्या अंगठ्या) मिळाल्या त्या शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डन आणि स्कॉटी पिपन या स्टार खेळाडूंच्या जिवावर, मग त्याला पायोनियर म्हणायचं ते फक्त पहिला पोचला म्हणून का?

मी बरीच वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय, आणि त्यातही जास्त करून उंच मुलांना, म्हणजे ज्यांना पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, खेळायचंय त्यांना. त्यामुळं लाँगलीच्या मॅचेस मी फॅन म्हणून बघितल्या तशाच शिकवण्यासाठी परत परत थांबवून पण बघितल्यात. माझं मत स्पष्ट आहे, लाँगली त्या टीममध्ये नुसता उभा नव्हता, बुल्सच्या सगळ्या ऑफेन्समधली एक अवघड जागा त्याच्याकडे होती आणि ती त्याने नीट सांभाळली, आणि ती ज्या पद्धतीने सांभाळली त्यातच त्याचं पायोनियर असणं आहे. जरा लांबण लागेल पण सांगतो.

आधी तो आला कुठून ते बघा. जन्म १९६९ चा, मेलबर्नचा, पण वाढला पर्थकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पार पश्चिम टोकाला. वडील ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल टीमकडून खेळलेले, त्यामुळं घरात बास्केटबॉल होतंच. पण देशात तेव्हा बास्केटबॉलला कोण विचारत होतं, उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात त्यांचा तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. त्यांची एनबीएल लीग सुरू झाली १९७९ मध्ये, म्हणजे लाँगली दहा वर्षांचा होता तेव्हा. सतराव्या वर्षी तो पर्थ वाइल्डकॅट्सकडून थोडंसं खेळला आणि मग १९८७ मध्ये थेट अमेरिकेत, न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटीत, अल्बुकर्की गावात. तिथलं कोर्ट 'द पिट' म्हणून प्रसिद्ध आहे, जमिनीत खड्डा खणून खाली केलेलं, आणि गोंगाट असा की कोचने ओरडलेलं खेळाडूला ऐकू येत नाही. चार वर्षं तो तिथं खेळला, शेवटच्या वर्षी सरासरी १९ पॉइंट आणि ९ रिबाउंडच्या घरात होता.

मधे १९८८ ला सोलची ऑलिंपिक झाली, लाँगली तेव्हा १९ वर्षांचा. ऑस्ट्रेलिया सेमीफायनलला पोचली, युगोस्लाव्हियाशी हरली, मग ब्रॉन्झच्या मॅचमध्ये अमेरिकेशी हरली, चौथा नंबर. हा चौथा नंबर लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

आता 'पहिला' या शब्दाबद्दल थोडं, कारण इथं लोकांना वाटतं की कोणीतरी पहिला होणारच होता. अमेरिकेत जायचा प्रयत्न त्याच्या आधी पण झाला होता. एडी पालुबिन्स्कास नावाचा जबरदस्त शूटर होता, १९७४ मध्ये अटलांटा हॉक्सने त्याला ड्राफ्टमध्ये (टीम दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) घेतला होता, १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये त्याने सगळ्यात जास्त पॉइंट केले, पण एनबीएत एकही मॅच खेळला नाही. अँड्र्यू गेझ १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सीटन हॉल युनिव्हर्सिटीकडून कॉलेजच्या फायनलला खेळला, ती फायनल मिशिगनने एका पॉइंटने जिंकली, आणि तरी गेझला एनबीएची पहिली मॅच मिळायला १९९४ उजाडलं. म्हणजे टॅलेंट नव्हतं असं नाही, अमेरिकन टीमना ऑस्ट्रेलियन माणसावर पैसे लावायची सवय नव्हती. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने लाँगलीला सातव्या नंबरला उचललं. सातवा नंबर म्हणजे चांगलाच वरचा, तिथं टीम तुमच्याकडून काहीतरी होईल अशी पैज लावते.

मिनेसोटाचे दिवस वाईटच होते. टीम नवीन, त्याच्या पहिल्या सीझनला ८२ पैकी १५ मॅच जिंकल्या, दुसऱ्याला १९. अशा टीममध्ये तरुण सेंटरचं, म्हणजे बास्केटपाशी खेळणाऱ्या उंच माणसाचं, काय होतं ते मी खूप जवळून बघितलंय, छोट्या लेव्हलवर का होईना. गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारे खेळाडू, घाईत असतात, प्रत्येकाला स्वतःचा शॉट पाहिजे असतो, पोस्टमध्ये उभं राहून हात वर करून मागितला तरी बॉल येत नाही आणि आला तर शॉट क्लॉक (शॉट घ्यायची ठरलेली वेळ) संपत आल्यावर येतो. उंच मुलगा तिथं हळूहळू फक्त धावायला शिकतो. लाँगलीच्या हातातला जो खरा गुण होता, पासिंग, तो तिथं कोणाला दिसायचं काही कारणच नव्हतं.

आणि आता ती गोष्ट जी 'जॉर्डनच्या जिवावर' म्हणणारे बहुतेक विसरतात. शिकागोने लाँगलीला आणलं फेब्रुवारी १९९४ मध्ये, स्टेसी किंगच्या बदल्यात. तेव्हा जॉर्डन टीममध्ये नव्हताच! तो रिटायर होऊन बेसबॉल खेळत होता, परत आला मार्च १९९५ मध्ये. म्हणजे जॉर्डनच्या मागे रिकाम्या जागेवर कोणीतरी उंच माणूस उभा केला अशी ही गोष्ट नाहीये, कोच फिल जॅक्सन आणि त्याचा असिस्टंट टेक्स विंटर यांना त्यांच्या सिस्टीमसाठी सेंटर पाहिजे होता, आधीचा सेंटर बिल कार्टराइट थकला होता, आणि त्यांनी विचार करून लाँगली निवडला.

ती सिस्टीम म्हणजे ट्रँगल ऑफेन्स. इथं जरा थांबतो कारण सगळं उत्तर यातच आहे.

कोर्टाच्या एका बाजूला तीन जण, एक विंगवर (बाजूच्या रेषेकडे), एक कॉर्नरला आणि सेंटर लो पोस्टला (बास्केटच्या अगदी जवळ), हा झाला त्रिकोण. उरलेले दोघं दुसऱ्या बाजूला. प्रत्येक दोन खेळाडूंमध्ये साधारण १५ ते १८ फूट अंतर पाहिजेच, विंटर या अंतराच्या बाबतीत अतिशय कडक होता. बॉल विंगवरून सेंटरकडे गेला की खरी गंमत सुरू होते. पास देणारा आणि कॉर्नरवाला दोघंही सेंटरच्या अगदी अंगाला घासून कट मारतात, म्हणजे झटक्यात पळतात, कधी एकमेकांना स्क्रीन देतात, म्हणजे डिफेन्डरची वाट अडवतात, आणि सेंटर पाठ बास्केटकडे करून बॉल छातीशी धरून उभा, मागून एक दांडगा माणूस ढकलतोय, आणि त्याला सेकंदाभरात ठरवायचंय की कट मारणाऱ्याच्या हातात बॉल द्यायचा, की बेसलाइनवरून (बास्केटमागच्या रेषेवरून) मागे शिरलेल्याला बाउन्स पास टाकायचा, की बॉल दुसऱ्या बाजूला फिरवायचा, की कोणीच मोकळं नाही म्हणून स्वतः वळून हुक (एका हाताने डोक्यावरून टाकलेला शॉट) मारायचा. आधीपासून ठरवलेला प्ले नाही, डिफेन्स काय करतोय ते वाचायचं आणि जे मोकळं दिसेल ते घ्यायचं.

हे सात फूट दोन इंचाच्या माणसाला करायला लावा म्हणजे कळतं किती अवघड आहे. माझ्याकडे येणाऱ्या उंच मुलांना मी सगळ्यात जास्त वेळ हेच शिकवतो आणि दहातल्या आठ जणांना ते जमत नाही, कारण लहानपणापासून त्यांना एकच सांगितलेलं असतं, बॉल आला की टाक. बॉल धरून अर्धा सेकंद थांबायचं, मान वळवून बघायचं, ही धीराची गोष्ट आहे. लाँगलीकडे ती होती. हात मऊ होते, बॉल हातातून सहसा उडत नव्हता, आणि पास कुठल्या हाताला द्यायचा हे कळायचं, म्हणजे कट मारणाऱ्याला पाऊल न तोडता शॉट घेता येईल असा.

त्या बुल्स टीमची रचना पण बघा. रॉन हार्पर आणि जॉर्डन दोघं सहा फूट सहा, पिपन त्याहून उंच, बेंचवरून कुकोच येणार तो जवळजवळ सात फुटाच्या घरात. ठेंगणा, बॉल हाताळणारा, सगळ्यांना खेळवणारा पॉइंट गार्ड त्या टीमला लागलाच नाही, कारण खेळवायचं काम चौघापाच जणांत वाटलेलं होतं आणि त्यातला एक वाटा पोस्टमधल्या माणसाचा होता. पोस्टमधला माणूस जर पास न करणारा असता तर ही सगळी रचना अडली असती.

डिफेन्सचं तर अजून वेगळं. आजची पोरं एनबीए बघतात त्यांना हे माहीत नसतं की २००१ पर्यंत तिथं झोन डिफेन्सला (माणूस न धरता जागा राखण्याला) बंदी होती. म्हणजे रिंगखाली दोन-तीन माणसं जमवून मोठ्या सेंटरची वाट अडवता यायची नाही, डबल टीम (एकावर दोघं) करायची तर उघड उघड बॉलवर जायचं, नाहीतर आपापला माणूस धरायचा. आता १९९६ च्या प्लेऑफमध्ये बुल्सच्या वाटेत कोण कोण आलं बघा: पहिल्या राउंडला मायामीचा अलोंझो मोर्निंग, दुसऱ्या राउंडला न्यू यॉर्कचा पॅट्रिक युइंग, तिसऱ्याला ओरलँडोचा शकील ओनील. ओळीने तिघं, त्या काळचे सगळ्यात भारी सेंटर. १९९७ मध्ये अटलांटाचा मुटोम्बो आणि परत मोर्निंग. १९९८ मध्ये इंडियानाचा रिक स्मिट्स, सात फूट चार इंच, आणि ती सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली. या प्रत्येकाच्या समोर पहिल्या मिनिटाला उभा कोण? लाँगली. त्याने या लोकांना थांबवलं असं मी म्हणणार नाही, शकला कोणीच थांबवत नव्हतं. पण आवडत्या जागेच्या दोन पावलं लांब बॉल घ्यायला लावायचा, उडी न मारता हात सरळ वर ठेवून अंगावर घ्यायचं, फाउल झाले तर राखीव सेंटर वेनिंग्टन आत येणार, आणि तेवढ्यात बाकीचे चौघं आपापले माणूस सोडून मदतीला न धावता उभे राहू शकतात. पिपन आणि जॉर्डन पासिंग लेनमध्ये (पासच्या वाटेत) जे झडप घालून बॉल पळवायचे ना, ते त्यांना परवडायचं कारण मागे रिंगखाली कोणीतरी जागा धरून बसलेलं होतं.

रिबाउंडचं पण तसंच. कबड्डीत पकड कोपऱ्याच्या नावावर लागते पण साखळीतल्या दुसऱ्याने चढाईवाल्याला आत रेटलेलं असतं, ते स्कोअरशीटवर येत नाही. बुल्सच्या डेनिस रॉडमनने १९९५-९६ मध्ये सरासरी जवळजवळ १५ रिबाउंड घेतले, लीगमध्ये पहिला, आणि तो माणूस या कामातला अलौकिकच होता यात शंका नाही. पण फुटेज बघताना बॉलकडे न बघता लाँगलीकडे बघा, शॉट सुटला की समोरच्या टीमच्या सगळ्यात जड माणसाच्या पोटाला पाठ लावून तो त्याला रिंगपासून लांब ढकलत असतो. बॉल त्याच्या हाती येत नाही, येणारच नाही, पण समोरच्या सेंटरच्याही हाती लागत नाही.

त्या सीझनला बुल्सने ७२ मॅच जिंकल्या आणि १० हरल्या. लाँगली दुखापतीमुळं ६२ मॅच खेळला, सगळ्या स्टार्टर म्हणून, म्हणजे सुरुवातीच्या पाचांत, सरासरी ९ पॉइंट. आणि १९९७-९८ मध्ये, जेव्हा पिपन पायाच्या ऑपरेशनमुळं सीझनचे पहिले दोन महिने बाहेर होता, तेव्हा लाँगलीचा सगळ्यात चांगला सीझन झाला, ११.४ पॉइंट, ५.९ रिबाउंड आणि २.८ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास). सेंटरचे जवळजवळ तीन असिस्ट, त्या काळात! मला हा आकडा त्याच्या पॉइंटपेक्षा जास्त बोलका वाटतो.

कमतरता होत्या, त्या पण सांगतो, नाहीतर उत्तर एकांगी होईल. पाय जड, फाउल लवकर व्हायचे, आणि सात फुटी माणसाने रिंगपाशी जेवढं आक्रमक असावं तेवढा तो नसायचा, बॉल खाली आणायचा आणि मग छोटा गार्ड येऊन हात मारून जायचा. जॉर्डन यावरून त्याच्यावर प्रॅक्टिसमध्ये खूप चिडायचा, दोघांचं जमायला वेळ लागला हे दोघांनीही नंतर सांगितलंय. एकदा, १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये, सीझन चालू असताना कॅलिफोर्नियात समुद्रावर बॉडीसर्फिंग करताना त्याने खांदा निखळवून घेतला आणि बरेच आठवडे बाहेर बसला. कोच म्हणून मला ते अजिबात आवडत नाही, टीम चॅम्पियनशिपसाठी खेळतेय आणि स्टार्टिंग सेंटर लाटांमध्ये. पण समुद्राकाठी वाढलेला पोरगा तो, पाण्यापासून त्याला लांब ठेवणं कठीणच असणार.

शिकागोनंतरचं पटकन सांगतो. १९९९ मध्ये फिनिक्स सन्सकडे गेला, पाच वर्षांचा मोठा करार होता, पण घोटा साथ देईना. मग २००० मध्ये ज्या मोठ्या चार टीमच्या ट्रेडमध्ये युइंग न्यू यॉर्क सोडून गेला त्यातच लाँगली न्यू यॉर्कला आला, एक सीझन, त्यातही २५ मॅच, आणि २००१ मध्ये घोट्यामुळं रिटायर, वय ३२. एवढ्या उंचीच्या आणि १२० किलोच्या माणसाचे घोटे आणि पावलं हाच त्याच्या करिअरचा खरा घड्याळाचा काटा असतो, आणि म्हणून मी उंच मुलांना सिमेंटच्या कोर्टवर तासन् तास उड्या मारायला लावणाऱ्या कोचेसशी कायम भांडतो. आपल्याकडे बरीच कोर्टं सिमेंटचीच आहेत, मान्य, पण मग उड्या कमी करा, फूटवर्क वाढवा.

नॅशनल टीमकडून १९९६ ची अटलांटा ऑलिंपिक त्याची घोट्याच्या ऑपरेशनमुळं हुकली, ऑस्ट्रेलिया तिथं परत चौथी आली. २००० मध्ये घरच्या मैदानावर, सिडनीला तो खेळला, गेझ त्या ऑलिंपिकला देशाचा ध्वजवाहक होता, आणि तरी परत चौथा नंबर, ब्रॉन्झची मॅच लिथुआनियाशी हरले. २०१६ ला रिओमध्ये लाँगली कोचिंग स्टाफमध्ये होता, ब्रॉन्झची मॅच स्पेनशी एका पॉइंटने गेली, ८९-८८. शेवटी टोकियोत पॅटी मिल्सने ४२ पॉइंट टाकले, स्लोव्हेनियाला हरवलं आणि ऑस्ट्रेलियन पुरुषांना बास्केटबॉलचं पहिलं ऑलिंपिक मेडल मिळालं. सोलपासून टोकियोपर्यंत तेहेतीस वर्षं.

आता पायोनियरचा मुद्दा. पायोनियर मोजायचा कसा? माझ्या मते त्याच्यामागून कोण आलं आणि काय काम करायला आलं यावरून. गेझ, मार्क ब्रॅड्की, शेन हील, ख्रिस अँस्टी, हे सगळे नव्वदच्या दशकातच एनबीएत पोचले. २००५ मध्ये अँड्र्यू बोगट ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला गेला, २०१६ मध्ये बेन सिमन्स पहिला. २०१४ च्या चॅम्पियन सॅन अँटोनिओमध्ये मिल्स आणि एरन बेन्स होते. २०१५ च्या फायनलला दोन्ही टीममध्ये ऑस्ट्रेलियन, इकडे बोगट आणि तिकडे डेलाव्हेडोव्हा.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. बुल्सचा ७२-१० चा रेकॉर्ड मोडला २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेटने, ७३-९. त्या टीमचा कोच स्टीव्ह कर, लाँगलीचा शिकागोतला टीममेट. आणि त्या टीमचा स्टार्टिंग सेंटर बोगट, मेलबर्नचा. म्हणजे एनबीएच्या इतिहासात ज्या दोनच टीमनी सत्तरच्या वर मॅच जिंकल्या त्या दोन्हींचा स्टार्टिंग सेंटर ऑस्ट्रेलियन, आणि दोघांचं काम पण बघा, हाय पोस्टवरून (फ्री थ्रो लाइनपासून) पास, दणकट स्क्रीन, रिंगखाली जागा धरणं, शॉट कमी. याला मी नुसता योगायोग मानत नाही. 'ऑस्ट्रेलियन मोठा माणूस म्हणजे टीमसाठी खेळणारा, पास करणारा, अंगावर घेणारा' ही जी ओळख अमेरिकेत तयार झाली तिची सुरुवात लाँगलीपासून झाली असं माझं ठाम मत आहे.

एक दुरुस्ती मात्र करायलाच हवी. परदेशी प्रोफेशनल बास्केटबॉलमधले ऑस्ट्रेलियन पायोनियर म्हटलं की फक्त पुरुषांचं नाव घेऊ नका. मिशेल टिम्स डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या) पहिल्याच सीझनला, १९९७ मध्ये, फिनिक्स मर्क्युरीकडून खेळली, त्याच्याही आधी जर्मनीत खेळून आली होती, आणि ऑलिंपिकचं मेडल ऑस्ट्रेलियन महिलांनी १९९६ मध्येच आणलं, त्यात ती होती. पुरुषांच्या पंचवीस वर्षं आधी. २०२४ मध्ये तिला नायस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिच्यावर वेगळा प्रश्न विचारा, आनंदाने लिहीन.

बुल्सवरची २०२० ची ती दहा भागांची डॉक्युमेंटरी बघून हा प्रश्न पडला असेल तर एक सांगतो, त्यात लाँगलीची मुलाखतच नाहीये. तिन्ही चॅम्पियनशिपचा स्टार्टिंग सेंटर, आणि त्याला विचारलंच नाही. ऑस्ट्रेलियात लोक यावर खूप नाराज झाले होते, आणि २०२१ मध्ये तिथल्या टीव्हीवर लाँगलीवर कार्यक्रम झाला तेव्हा खुद्द जॉर्डन त्यात बोलला आणि लाँगली त्या डॉक्युमेंटरीत असायला हवा होता हे त्याने मान्य केलं. ज्याच्या जिवावर रिंगा मिळाल्या म्हणता तोच माणूस हे म्हणतोय.

तरी पटत नसेल तर माझं न ऐकता १९९६ च्या फायनलची तिसरी मॅच बघा, सिअॅटलमधली. सिअॅटलचा डिफेन्स म्हणजे ट्रॅपवर ट्रॅप, बॉल हातात असलेल्यावर दोघं तुटून पडणार. बुल्सने ती मॅच १०८-८६ ने जिंकली, जॉर्डनचे ३६ आणि लाँगलीचे १९. पहिला हाफ बघा, एकदा जॉर्डनकडे बघत आणि दुसऱ्यांदा फक्त १३ नंबरच्या जर्सीकडे बघत, तो कुठं उभा राहतो, ट्रॅप झाला की कुठल्या मोकळ्या जागेत सरकतो, आणि बॉल आल्यावर टाकायच्या आधी मान कुठं वळवतो.